टँकर निघाला आहे

लाईट यायला अजून तास आहे, तवा बसा. आणि ते मोबाइल पालथे ठेवा. बोलताना समोर निळी थोबाडं असली की माझं डोकं फिरतं. मी चौथीत शाळा सोडली, कॉम्प्युटरला हात लावला तो धूळ पुसायला. तरी ही गोष्ट कॉम्प्युटरची आहे, आणि जिच्यावर गुदरली तिच्या तोंडून ऐकलेली आहे. मधेमधे 'असं कसं होईल बाबा' म्हणायचं नाय. कसं झालं ते मलाबी ठाऊक नाय. झालं, एवढं ठाऊक आहे.

साल दोन हजार एकोणीस, मे महिना, सोळा तारीख, गुरुवार. शहराला तवा औरंगाबादच म्हणायचे. मतदान उरकलं होतं, मोजणी व्हायची होती, आणि जायकवाडीत एवढंसं पाणी उरलं होतं की मासे एकमेकांना ओळखायला लागले होते. इकडं बीड बायपासला मात्र इमारतीवर इमारत चढत होती. नळ नाय, धड रस्ता नाय, नावं मात्र सगळी पार्क नि रेसिडेन्सी. तसल्याच एका इमारतीत तळमजल्याला राजकुमारची कंपनी होती. पाच खुर्च्या, पाच कॉम्प्युटर. तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर एकटा राहायचा.

त्याच्याकडं कामाला होती सुकेशनी. छावणीतली पोरगी, पंचवीस वर्षांची. बाप लष्कराच्या गोदामात हमाल. राजकुमार त्यांच्याच गल्लीतला. विहाराच्या अभ्यासिकेत संध्याकाळी पोरांना शिकवायचा, त्यात ही. कॉम्प्युटर पहिल्यांदा चालू केला तो त्यानं तिचा हात धरून. कॉलेजचा फॉर्म त्यानं भरला, नोकरीबी त्यानंच दिली. ती त्याला दादा म्हणायची, आणि तोंडदेखलं नाय. घरात काय ठरवायचं असलं की बापाच्या आधी दादाला विचारायची.

त्या गुरुवारी रात्री साडेआठला ती ताटं वाढत होती, तेवढ्यात दादाचा फोन.

"सुके, उद्या अकराला साहेब लोक येतायत. पास झालो तर सगळ्या जिल्ह्याचं काम आपलं. तू येऊन एक शेवटची फेरी मार, अहवालावर सही करून ठेव. मी त्यांच्याबरोबर जेवायला चाललोय. चावी वॉचमनकडं आहे."

वॉचमन म्हणजे मी.

नऊ वाजून दहा मिनिटांनी ती स्कूटीवर आली. चावी घेताना म्हणाली, "बाबा, तासाभरात निघते."

मी म्हणलं, "तुमचा तास मला माहीत आहे. त्यात माझ्या दोन झोपा होतात."

"वॉचमनला झोप घ्यायची असती का?"

"पगार बघितलास का माझा? तेवढ्यात जेवढं जागता येतं तेवढं जागतो."

हसत आत गेली. ते तिचं त्या रात्रीचं शेवटचं हसणं.

आता तिचं काम काय होतं ते समजून घ्या, नायतर पुढचं डोक्यावरून जाईल. कचेरीत खिडकी असती ना? आपण चिठ्ठी आत सरकवतो, आतला बघतो, उत्तर देतो. तशी खिडकी यांनी कॉम्प्युटरात बसवली होती. तिला एपीआय म्हणतात. दुष्काळातल्या गावानं मोबाइलवरून चिठ्ठी पाठवायची, गावाचं नाव, माणसं किती. खिडकी यादीत गाव बघणार, टँकरवाल्याला कळवणार, आणि गावाला उत्तर देणार, टँकर निघाला आहे. एका तालुक्यात मे लागल्यापासून ही खिडकी उघडली होती. आजमावून बघायला.

त्या खिडकीची उत्तरं आतून आकड्यात असतात. दोनशे म्हणजे ठीक. चारशे चार म्हणजे तुम्ही म्हणता ते सापडलं नाय. पाचशे म्हणजे तुमची चूक नाय, आमच्याच घरात आग लागलीय. सुकेशनीचं काम होतं मुद्दाम चुकीच्या चिठ्ठ्या देणं. नाव कोरं, नसलेलं गाव, मोबाइल नंबराला एक आकडा कमी. मधेच यादीची तार तोडून बघायची. आणि अशा वेळी खिडकी खरं बोलती का, ते तपासायचं. ती म्हणायची, बाबा, बरोबर चिठ्ठीला बरोबर उत्तर कोणीबी देतं. चुकलेल्याला तोंडावर 'चुकलं, आता असं कर' सांगायला जिगर लागती.

एप्रिलमधे खिडकी एकवीस ठिकाणी गोंधळली होती. तिनं यादी करून दादाला दिली. दादा म्हणाला, करतो.

त्या रात्री तिनं फेरी सुरू केली. दोनशे चौदा चिठ्ठ्या. समोरच्या पडद्यावर एकेक हिरवी खूण उमटायला लागली. शेवटपर्यंत हिरवंच. एकबी लाल नाय. तिला बरं वाटलं, दादानं शब्द पाळला. शेजारी अहवाल छापून ठेवलेला होता, दोनशे चौदापैकी दोनशे चौदा पास, तपासणारी सुकेशनी. नुसती सही मारायची.

पेन उघडलं, आणि सवयीनं एक चिठ्ठी हातानं पाठवली. काही कारण नाय. गाव, अबकड. माणसं, उणे सात.

उत्तर आलं. दोनशे. टँकर निघाला आहे.

अबकड गावाला. शून्याला सात कमी एवढ्या माणसांसाठी.

तिनं पेन खाली ठेवलं. दुसरी पाठवली, नाव कोरं ठेवून. टँकर निघाला आहे. यादीची तार तोडली, म्हणजे आता खिडकीला स्वतःलाच काही दिसत नव्हतं. तरी टँकर निघाला आहे.

मग ती आत शिरली, म्हणजे खिडकीच्या आतलं लिखाण वाचायला बसली. तिथं चार ओळी नव्या होत्या. काहीही बिघडो, काहीही न सापडो, उत्तर एकच द्यायचं. आणि बिघाडाची नोंद कुठंच करायची नाय. मग तिनं स्वतःची वही उघडली. तपासणाऱ्याची वही असती, अमुक चिठ्ठीला अमुक उत्तर आलंच पायजे अशी. त्यात एकवीस ठिकाणी तिनं लिहिलेलं चारशे चार नि पाचशे कुणीतरी पुसून दोनशे केलं होतं. गुन्हेगारानं गुन्हा केला तो केला, वर फौजदाराची वहीसुद्धा बदलली.

कॉम्प्युटरात कोण कवा काय बदलतो ते लिहिलेलं राहतं. तीन मे, रात्री अकरा चाळीस. राजकुमार.

ती लई वेळ त्या नावाकडं बघत बसली. मी एकदा चक्कर मारली तर दिवा चालू, ही खुर्चीत ताठ. विचारलं, चहा सांगू का. मान हलवली. हो का नाय, ते कळलं नाय.

मग तिच्या मनात आलं, आपल्या चिठ्ठ्या खोट्या. पण तालुक्यातून खऱ्या चिठ्ठ्या येतायत. त्यातली एखादी यादीत सापडली नसेल तर?

शोधायला बसली. बहुतेक गावं यादीत होती, त्यांना टँकर गेले होते. एक नाव यादीत नव्हतं. ते एकोणीस वेळा आलं होतं.

सांडूची वस्ती.

देवगाव रंगारीच्या पलीकडं माळावर नऊ घरं. मेंढरंवाले लोक. सरकारी यादीत गाव असतं, माळावरच्या नऊ घरांना कोण विचारतो. पहिली चिठ्ठी चार मे, शेवटची सात मेला सकाळी सहा दहा. सगळ्या एकाच मोबाइलवरून, नाव मनकर्णाबाई. आणि एकोणीस वेळा उत्तर गेलेलं. टँकर निघाला आहे. अडचण असल्यास या नंबरवर फोन करा.

खाली नंबर.

तो नंबर तिनं ओळखला. तो टेबलाच्या खणातल्या मोबाइलचा होता. तपासणीसाठी घेतलेला साधा मोबाइल. फेब्रुवारीत मदतीचा नंबर ठरला नव्हता, म्हणून तिनंच तिथं तात्पुरता हा घातला होता. शेजारी लिहून ठेवलं होतं, नंतर बदलणे. खरा नंबर कवाच आला नाय. आणि बदलणे तसंच राहिलं. हे मात्र दादानं नाय, तिनं केलेलं.

खण उघडला. मोबाइल होता. बंद.

चार्जरला लावला. बारा वाजून गेले होते. मोबाइल चालू झाला आणि टेबलावर थरथरायला लागला. बंद असताना कोणी फोन केला की नंतर मेसेज येतो ना, तसे मेसेज. एकामागं एक. एकसष्ट. सगळे एकाच नंबराचे, दहा तारखेपासूनचे. शेवटचा आत्ताचाच, रात्री अकरा बावन्नचा.

मेसेज थांबले. आणि मोबाइल वाजला.

तोच नंबर.

तिनं उचलला.

"हॅलो?" बाईचा आवाज. म्हातारी. खोल कुठून तरी यावा तसा, मागं घुमणारा. "लागला का? लागला बाई फोन. लई दिसांनी लागला."

"आजी, कोण बोलताय?"

"म्या मनकर्णा. सांडूच्या वस्तीवरून. बाई, त्यो टँकर निघाला म्हनता… कुठवर आला?"

सुकेशनीची नजर पडद्यावरच्या त्या एकोणीस चिठ्ठ्यांवर गेली.

"तसं काय घाई नाय," म्हातारीच म्हणाली. "बाकीच्या बाया देवगावला गेल्या पान्याला. म्हनल्या चल. म्या म्हनलं मेसेज माझ्या मोबाइलवर आलाय, म्या गेले नि टँकर येऊन मागं फिरला तर? वस्ती माझ्या नावानं बोटं मोडंल. म्हनून थांबले. पोरगं मेंढरं घिऊन गंगापुराकडं गेलंय. तवा इचारलं, कुठवर आला."

"आजी, तुम्ही आता घरी आहात ना? झोपा. मी बघते."

"घरी नाय बाई." जरा थांबली. "इथं गार हाय."

"मी बघते, आजी."

"बघ. निघाला म्हनलात म्हनून थांबलेय."

फोन कटला. सुकेशनीला आपलीच लाज वाटली. खिडकी खोटं बोलली म्हणून ती दादावर जळत होती, आणि तिनं काय केलं? बघते म्हणाली. म्हणजे तेच.

पावणेएकला राजकुमारची गाडी आली. गेट मी उघडलं. पान खाऊन खुशीत होता. ऑफिसातला दिवा बघून आत गेला.

"झालं का गं? केली सही?"

"दादा, अबकड गावाला टँकर निघालाय."

तो हसला. "पोचू दे की मग."

"माझी वही कोणी बदलली?"

हसणं थोडं उरलं तोंडावर. खुर्ची ओढून बसला. आवाज अभ्यासिकेतला केला, शिकवायचा. "हे बघ सुके. साहेबाला लाल दिसलं की तो म्हणतो बिघडलंय. हिरवं दिसलं की म्हणतो चांगलं आहे. त्याला आतलं कळत नाय. उद्याचा दिवस निघू दे. काम हातात आलं की सावकाश खरं बोलायला लावू तिला."

"आणि खाली नाव माझं कशाला?"

"तुझ्याच नावाला वजन आहे. सगळ्यांना माहीत आहे, सुकेशनी खोट्यावर सही करत नाय."

हे तो कौतुकानं म्हणाला, बरं का. ती मला म्हणाली, बाबा, थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं.

तिनं मोबाइल त्याच्यापुढं सरकवला. "ती बाई अजून वाट बघतीय, दादा. सांडूच्या वस्तीवरची. आत्ता बोलले मी तिच्याशी."

"कोण बाई?"

"मनकर्णाबाई."

राजकुमारचा पान चघळणारा जबडा थांबला.

"आत्ता म्हणजे… कवा?"

"अर्धा तास झाला असेल."

"काय म्हणाली?"

"कुठवर आला, म्हणाली."

तो उठला. दारापर्यंत गेला, परत आला. मोबाइलकडं बघितलं, हात नाय लावला.

"सुके. ती बाई गेलीय."

"कुठं?"

"गेलीय म्हणजे… गेलीय. सात तारखेलाच. टँकर येईना म्हणून विहिरीत उतरली, गाळातलं पाणी वाटीनं खरवडायला. कड ढासळली वरून. मोबाइल कमरेलाच होता, तो काही सापडला नाय. तिच्या पोरानं फोन केला होता नऊ तारखेला. कडुबा का कोण. याच मोबाइलवर. मीच उचलला."

"मग?"

"मग काय. त्याला म्हणलं रॉंग नंबर. आणि बंद करून ठेवला."

पोरांनो, भीती तिला नंतर वाटली. आधी वाटलं ते वेगळंच. नऊ तारखेपासून आज सोळा. आठ दिवस हा माणूस तिच्या समोर बसून डबा खात होता. तिच्या आईनं पाठवलेली भाजी वाढून घेत होता. तिला विचारत होता, अहवाल झाला का. ज्यानं अक्षर गिरवायला शिकवलं, त्यानं तिच्या नावाखाली मुडदा लपवला होता.

"तू दाबलंस," ती एवढंच म्हणाली.

"कुणीतरी वस्तीवरचं चेष्टा करतंय. दे तो मोबाइल, सिम काढून टाकतो."

"काढ की."

मोबाइल टेबलावर. त्याच्या हातापासून वीतभर. त्यानं नाय उचलला.

"सकाळी बोलू," म्हणाला. जिन्यानं वर गेला. चपलांचा आवाज तीन मजले ऐकू आला. दार लागलं. आतून दोन कड्या.

तिनं निघून जायला पायजे होतं. तुम्ही असता तर चड्ड्या सावरत पळाला असता. पण तिच्या डोक्यात एकच. सकाळी अकराला ही खिडकी सगळ्या जिल्ह्याला लागणार. शेकडो गावं, त्यांच्या माळावरच्या वस्त्या, आणि सगळ्यांना एकच उत्तर. आणि खाली तिचं नाव.

बसली. त्याच्या चार ओळी काढून टाकल्या. वहीतली एकवीस उत्तरं परत खरी केली. न सापडलेल्या गावासाठी नीट वाक्य लिहिलं, तुमचं गाव आमच्या यादीत सापडलं नाही, टँकर निघालेला नाही, थांबू नका. नंबर बदलायला गेली. कुणाचा घालायचा? स्वतःच्या घरचा घातला. मग फेरी मारली. एकवीस चुकीच्या चिठ्ठ्या, एकवीस नकार. अबकड गाव यादीत नाही. माणसं उणे सात असू शकत नाहीत. ते नकार वाचून तिला त्या रात्रीत पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

दोनशे चौदा चिठ्ठ्या संपल्या.

दोन वाजून दहा मिनिटं.

पडद्यावर अजून एक आली.

दोनशे पंधरावी.

तिनं पाठवलेली नव्हती.

गाव, सांडूची वस्ती. माणसं… एक.

खिडकीनं यादी बघितली. खिडकीनं उत्तर दिलं. चारशे चार. सापडलं नाही. टँकर निघालेला नाही. थांबू नका.

गेलं उत्तर.

पंखा चालू होता, तरी तिला तिचाच श्वास ऐकू येत होता. बाहेर गेटला मी बसलो होतो, जागा होतो, आईची आण. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. चांदणं होतं.

टेबलावरचा मोबाइल वाजला.

तिनं बघितलं. वाजू दिला. पाच. सहा. सात.

मग मनात आलं, आठ दिवस हेच तर केलं आपण. वाजू दिला.

उचलला.

"आजी?"

"बाई." आवाज आता जवळ होता. घुमत नव्हता. "यादीत नाय म्हनं."

"व्हय आजी."

"निघालाच नवता?"

"नाय."

"कवाच?"

"कवाच नाय, आजी. आम्ही खोटं सांगितलं."

पलीकडं पाण्याचा थेंब पडल्यागत काहीतरी. एक. मग लई वेळानं अजून एक.

"एकोणीस बार म्हनले निघाला," म्हातारी म्हणाली. रागानं नाय. हिशेब लागत नाय तसं. "म्या अडाणी. लेकरानं शिकवलं तसं बटन दाबायचे. म्हनलं शिकलेली मानसं हायेत, खोटं कशाला बोलतील… कोन म्हनलं बाई, निघाला म्हनून?"

सुकेशनीनं डोळे मिटले.

सांगायचं का नाय? शिकवलेली अक्षरं आठवली. भरलेला फॉर्म आठवला. दोन कड्या आठवल्या.

चुकलेल्याला नुसतं चुकलं म्हणून भागत नाय. पुढं कुठं जायचं, तेबी सांगावं लागतं. तिचंच काम होतं ते.

"राजकुमार," ती म्हणाली. "इथंच राहतो. वर. तिसरा मजला."

"बरं," म्हातारी म्हणाली.

"आजी…"

"बरं बाई. जा तू आता घरला. तुझी आई वाट बघत आसंल."

फोन कटला.

ती हलली नाय. कान वर. जिन्यात काही नाय. चप्पल नाय, बांगडी नाय. काही नाय.

मग वर, तिसऱ्या मजल्यावर…

एक कडी निघाली.

थोडं थांबून, दुसरी.

बस. मग सकाळपर्यंत आवाज नाय.

साडेपाचला मी चहा घेऊन आत गेलो तर तशीच बसलेली. कपातला चहा हातानं घेतला, पण ओठाला लावीना. मग सगळं बोलली, तुम्हाला सांगितलं तसं, सुरुवातीपासून. मी म्हणलं, पोरी, झोप नाय तुझी, तुला भास झाला. तिनं कप खाली ठेवला. घरी जाऊन अंघोळ करून अकराच्या आत परत आली.

साहेब लोक आले. राजकुमार खाली उतरला नाय. फोन लागेना. मग तीच उभी राहिली. सगळ्यांच्या समोर चिठ्ठी घातली, सांडूची वस्ती. पडद्यावर लाल. यादीत सापडलं नाही.

एक साहेब म्हणाला, "हे काय? बंद पडलं का?"

"नाय साहेब," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा नीट चाललंय." आणि मनकर्णाबाईचं सगळं सांगितलं. अहवाल त्यांच्यासमोर फाडला.

काम कंपनीला मिळालं नाय, हे काय सांगायला पायजे का? पण पुढच्याच सोमवारपासून त्या नऊ घरांना टँकर लागला. कडुबाचा स्वतःचा फोन आला होता तिच्या घरी. आभार नाय मानले त्यानं. म्हणाला, आला. आणि ठेवला.

राजकुमारकडं दुपारी मी गेलो. दार सताड उघडं. हा आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसलेला, तोंड आतल्या भिंतीकडं, कालच्याच कपड्यात. मी म्हणलं, साहेब, खाली सगळे आले नि गेले. त्यानं वळून बघितलं नाय. लई हळू विचारलं, "बाबा, रात्री माझ्या दारातून कोणी बाहेर पडताना बघितलंत का?"

म्हणलं, "नाय. आत तरी कोण आलं होतं?"

दोन दिवसांनी तो फ्लॅट सोडून गेला, पुण्याला का कुठं. सामान न्यायला माणसं पाठवली, स्वतः आला नाय. फ्लॅट अजून विकला गेलेला नाय.

आता मी माझ्या डोळ्यांनी बघितलं ते. त्याच दुपारी, त्याच्या दारातून मागं फिरताना, माझी नजर फरशीवर गेली.

गाळ. काळा, चिकट. विहिरीच्या तळचा असतो तसला. आणि त्यात अनवाणी पायांचे ठसे, बारके, बाईमाणसाचे. मी खालपर्यंत बघत गेलो. अंगणात काही नाय, गेटला काही नाय. जिन्याच्या पहिल्या पायरीपासून सुरू. पायरीपायरीनं वर. दुसरा मजला. तिसरा. त्याच्या दारातून आत, आतल्या खोलीच्या उंबऱ्यावरून पलीकडं.

सगळी बोटं आतल्या बाजूला. बाहेर येणारा एकबी नाय.

इमारतीत चार दिवसांपासून पाण्याचा थेंब नव्हता, पुसू कशानं? कोरड्या झाडूनं झाडलं, गेलं नाय. म्हणलं वाळंल नि आपसूक निघंल. बाहेर बेचाळीस डिग्री, जिन्यात भट्टी.

आठव्या दिवशी तिसऱ्या मजल्यावर एकटा गेलो. वाकून एका ठशाला बोट लावलं.

ओलं होतं. आणि गार.